वाचकांचे प्रश्न : डोंगरातलं गाव, घर आणि चव

बालपण डोंगरात गेलं आणि आता राहणं शहरात आहे, अशा वाचकांकडून गेल्या महिन्यात आम्ही प्रश्न मागवले होते. पत्रं आली ती बहुतेक जावळी, महाबळेश्वर, पाटण आणि माथेरानच्या पट्ट्यातून बाहेर पडलेल्यांची. आठवण येते एवढंच लिहून कुणी थांबलेलं नाही. घर, चव, झाड, कागद अशी काही ना काही वस्तू हाती धरून प्रत्येकानं विचारलं आहे, म्हणून उत्तरंही त्याच अंगानं दिली आहेत.

प्रश्न : जावळी तालुक्यात आमचं मंगलोरी कौलांचं, दगडमातीच्या भिंतींचं घर आहे. आई गेल्यापासून सहा-सात वर्षं बंद आहे. धाकटा भाऊ म्हणतो पाडू आणि स्लॅबचं बांधू. मला ते घर तसंच हवं आहे. मे महिन्यात दहा दिवस मिळतील. तेवढ्यात काय होईल?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : दहा दिवसांत घर पुन्हा पावसाला तोंड देण्याजोगं होतं, भिंती शाबूत असतील तर. म्हणून आधी भिंती बघा. दगडमातीच्या भिंतीला पोट आलं असेल, कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत उभी भेग असेल किंवा दोन भिंतींचा सांधा सुटून बोट आत जात असेल, तर कौलांवर पैसे घालण्यापूर्वी बांधकामाचा अभियंता आणून दाखवा. तुमचा पट्टा कोयनेच्या भूकंपक्षेत्रातला आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे जी घरं बसली, त्यांत अशा जड भिंतींची घरं पुष्कळ होती. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड घातलेले नसले की धक्क्याला भिंत मधोमध उकलते. घर वाचवायचं ठरवताना एवढी एक गोष्ट मायेपोटी नजरेआड करू नका.

भिंती ठीक असतील तर पाडू नका, असंच आम्ही सांगू. घाटमाथ्याच्या पावसात साधा स्लॅब काही वर्षांत पाझरतो, आतून घाम धरतो, आणि मग त्याच्यावर पत्र्याची शेड चढते. तुमच्या भागात फिरलात तर अशा शेडी दारोदार दिसतील. म्हणजे छप्पर दोनदा बांधायचं आणि घर मात्र उन्हाळ्यात तापणारं, पावसात दमट.

कामाचा क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी ऐन दुपारी दारंखिडक्या लावून माळ्यावर चढा. जिथून उजेडाचा ठिपका दिसतो तिथं कौल फुटलंय किंवा सरकलंय. त्या जागेखालच्या वाशावर खडूनं खूण करा. वरून छप्पर चांगलं दिसतं आणि गळती सापडत नाही, त्याचं कारण हेच की फट वरच्या कौलाच्या आड असते.

मग लाकूड. वासा मधोमध क्वचित कुजतो. तो कुजतो भिंतीत बसलेल्या टोकाशी आणि वळचणीला. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर तो वासा गेला. सगळा बदलणं जमत नसेल तर शेजारी साथीचा वासा देऊन दोन्ही बोल्टनं आवळता येतात, पण नवा वासा भिंतीवर नीट टेकला पाहिजे, अधांतरी नको. वाळवीच्या मातीच्या नळ्या खांबाच्या पायथ्याशी आणि चौकटीमागे शोधा. नळ्या झाडून टाकल्यानं वाळवी जात नाही. जोत्याच्या कडेनं जमिनीत औषध द्यावं लागतं, आणि विहीर जवळ असेल तर ते कुठं आणि किती द्यायचं हे माहीतगारालाच ठरवू द्या.

कौलं मागवताना जुन्या कौलाच्या पाठीवरचा छाप आणि खाचेचं माप फोटो काढून न्या. वेगवेगळ्या भट्ट्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. वरून जुळल्यासारखी वाटतात आणि पहिल्या वाऱ्याच्या पावसात तिथंच पाणी शिरतं. नव्या गाडीपेक्षा गावात एखादं पडीक घर उतरवलं जात असेल तर त्याची कौलं घ्या. एका चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात, म्हणजे १०० चौरस फुटांना १४० ते १५०. हे माप छपराच्या उतारावरचं आहे, खालच्या जमिनीचं नव्हे. एक फूट आडव्याला सात इंच चढ असेल तर जमिनीच्या क्षेत्रफळाला १.१५ नं गुणा, वळचणीचा भाग मिळवा आणि फुटतुटीला दहा टक्के जास्त धरा. उतार याहून मंद असेल तर तुमच्याकडच्या पावसात तो गळणारच, कौलं कितीही नवी घाला.

कौलांवर थेट पाय देऊ नका. शिडी आडवी टाकून तिच्यावरून काम करा. शेवाळ काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशनं काढा. तारेच्या ब्रशनं कौलाची भाजलेली कातडी जाते आणि पुढच्या वर्षी दुप्पट शेवाळ धरतं. वळचणीच्या दोन ओळी जस्ताच्या तारेनं रिपांना बांधून टाका, कारण वारा तिथूनच कौल उचलतो आणि वानरंही तिथूनच चढतात. आढ्यावरचे कोने (माथ्याची अर्धगोल कौलं) नुसत्या सिमेंटनं बसवू नयेत. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, सिमेंट हलत नाही, मग तडा जातो. एक भाग चुना, तीन भाग वाळू हे मिश्रण त्या हालचालीला थोडी मुभा देतं. छपराच्या दोन उतरत्या बाजू, म्हणजे पाखी, जिथं मिळतात तिथल्या पन्हळीत पाला साचतो. ती पन्हळ हातभर रुंद आणि मोकळी हवी. गळक्या घरांत निम्मी गळती तिथंच सापडते.

मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा देण्याचा मोह टाळा. आतलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, गिलावा फुगतो आणि पडताना भिंतीची मातीही घेऊन येतो. चाळलेली माती, भाताचा तूस आणि शेण कालवून दोनतीन दिवस मुरवा, मग लिंपा, वाळल्यावर चुन्याचे दोन हात द्या. नैऋत्येच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात गवताचे तट्टे बांधायची रीत महाबळेश्वरकडे होती. आता प्लास्टिकचा कागद बांधतात. तो चालेल, पण भिंतीपासून वीतभर सुटा ठेवा, चिकटून नको. आणि डोंगराच्या अंगाला घरामागची चर मोकळी करा. ती बुजलेली असेल तर कौलांवर केलेला खर्च जोत्यातून आलेल्या पाण्यात जातो.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. तुमच्या आईच्या वेळी घर टिकलं त्यात रोजच्या चुलीचा वाटा मोठा होता. धुरानं वासे कोरडे राहत, भुंगा आणि वाळवी लांब राहत. सहा वर्षांत घर मोडकळीला आलं ते चूल विझल्यामुळं. म्हणून दुरुस्तीनंतर दिवाळीच्या सुमारास आणि होळीनंतर असे दोनदा चारचार दिवस कुणीतरी जाऊन राहिलं पाहिजे, दारं उघडी टाकून, चूल पेटवून. ही पाळी भावाभावांत आधीच ठरवा. ती ठरत नसेल तर गावातल्या एखाद्या कुटुंबाला घर वापरायला द्या.

विहीर असेल तर पाणी वापरण्यापूर्वी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाका. प्रमाण १,००० लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीनं आणि मग ७८५ नं गुणा, म्हणजे लिटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर सुमारे १४,१०० लिटर, म्हणजे ३५ ग्रॅम पावडर. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ तेवढं विहिरीत सोडा आणि निदान एक तास पाणी उपसू नका. पावडरचं पुडकं जुनं, उघडं असेल तर तिच्यात दम राहिलेला नसतो.

प्रश्न : आमच्याकडे महाबळेश्वराखालच्या वाडीत नाचणीची भाकरी मऊ, गोडसर असे. इथं तयार पीठ आणून करते तर कडा फाटतात, भाकरी कडू लागते आणि दोन तासांत खापरी होते.
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कडूपणा पिठाच्या जुनेपणाचा. दळून महिना उलटलेलं पीठ कितीही चांगल्या पाकिटात असलं तरी ती चव देत नाही. आख्खी नाचणी आणा, पाण्यात रोळून कच काढा, फडक्यावर सावलीत खडखडीत वाळवा आणि एका वेळी दोन किलोच दळा. गिरणीत तुमच्याआधी ज्वारी किंवा गहू दळला असेल तर सुरुवातीचं पावशेर पीठ वेगळं काढा. दळण फार बारीक नको. जात्यावरचं पीठ किंचित जाडसर असे आणि तुमच्या आठवणीतल्या चवीत त्या जाडसरपणाचा वाटा आहे.

कडा फाटतात कारण नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. तो उकडीनं आणावा लागतो. एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून उकळी आली की एक वाटी पीठ एकदम घालून उलथन्याच्या दांड्यानं ढवळा, आच बंद करा, झाकण ठेवून दहा मिनिटं सोडा. मग कोमट पाण्याचा हात लावत चांगलं पाच मिनिटं मळा. गोळा दाबल्यावर कडेला भेग पडली तर पाणी कमी आहे. बोटांना लिबलिबीत लागला तर उकड कच्ची राहिली आहे.

थापताना खाली पीठ बेतानं घ्या. भाकरी पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाका, लगेच वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकत आलं की उलटा, मग दुसरी बाजू पुरती भाजली की थेट विस्तवावर फुगवा. खापरी होते ती मंद आचेमुळं. आतलं पाणी हळूहळू उडून जातं आणि भाकरी फुगायच्या आत वाळते. तवा आधी चांगला तापवा, लोखंडी किंवा मातीचा घ्या. नॉनस्टिकवर ही भाकरी होत नाही. उतरवल्यावर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. चुलीचा धुरकट वास गॅसवर येणार नाही, त्याला इलाज नाही. बाकी सगळं येतं.

प्रश्न : माथेरानच्या पायथ्याला आजी शेवळाची भाजी करायची. मी बाजारातून शेवळं आणून केली तर घसा इतका खाजला की फेकून द्यावी लागली.
(एक वाचक, बोरिवली)

उत्तर : शेवळं या रानभाजीत कॅल्शियम ऑक्सॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, खाज त्यांची. आजी त्यात काकडं घालत असणार. हे झाडाचं आंबट-तुरट फळ शेवळांबरोबरच बाजारात येतं आणि विकणाऱ्या बायका सहसा दोन्ही एकत्रच देतात. शेवळाची बाहेरची पानं काढा, आतल्या दांड्यावरचा पिवळसर खरखरीत भाग पूर्ण खरवडून टाका, मुख्य खाज तिथं असते. हाताला तेल लावूनच चिरा. चिरलेली शेवळं तेलावर चांगली परता. काकडं ठेचून, उकळून त्यांचं पाणी गाळून घाला. काकडं मिळाली नाहीत तर चिंचेचा दाट कोळ. आंबट घातल्यावर निदान वीस मिनिटं शिजू द्या. घाईत काढलेली भाजी आंबट घालूनही खाजते. पहिल्यांदा करताना शिजल्यावर एक फोड जिभेच्या टोकाला लावून पाच मिनिटं थांबा, मगच ताटात वाढा.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत. सगळं आयुष्य मुंबईत माथाडी कामात गेलं, आता पाटण तालुक्यातल्या आमच्या डोंगरवाडीत कायमचं राहायचं म्हणतात. पाठवावं का?
(एक वाचक, घणसोली)

उत्तर : त्यांची ओढ खरी आहे, तिला हट्ट म्हणू नका. पण जून महिन्यात पाठवू नका. पहिली खेप ऑक्टोबरअखेर ते मे अशी ठेवा. त्या काळात वाट चालती असते, शेजार जागा असतो आणि काही बिघडलं तर माणूस खाली आणता येतो. पहिल्या पावसाळ्याचा विचार त्यानंतर, आणि तोही घरात दुसरं माणूस असेल तरच. वीज सलग दोनदोन दिवस जाणं, दरड येऊन रस्ता बंद होणं, धुक्यात मोबाइलची रेंज जाणं, हे तिथं दरवर्षीचं आहे.

निघण्यापूर्वी हे बघा. गोळ्या किमान ४५ दिवसांच्या द्या, त्यातल्या १५ दिवसांच्या शेजारच्या घरी ठेवा. इन्सुलिन चालू असेल तर वीज गेल्यावर ते ठेवायला दोन मडकी लागतील, मोठ्या मडक्यात ओली वाळू आणि तिच्यात झाकणाचं छोटं मडकं. कुपी पिशवीत घालून छोट्या मडक्यात ठेवायची, पाण्यात नाही. साखर मोजायच्या यंत्राच्या पट्ट्या दमट हवेत खराब होतात आणि चुकीचे आकडे दाखवतात, डबी उघडी राहू देऊ नका. पायाला मधुमेहामुळं बधिरपणा असेल तर अनवाणी शेतात जाणं बंद. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठं, डॉक्टर तिथं राहतात का, ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस असते का, हे स्वतः जाऊन विचारून या. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. ज्या हातापायाला चावला तो हलू न देता रुग्णालयात न्यायचं. १०८ची गाडी वाडीपर्यंत पोचत नसेल तर मधल्या टप्प्याला जीप कुणाची, हे आधी ठरलेलं हवं. त्या माणसाचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

एक गोष्ट मात्र मुलं विसरतात. वडिलांना आठवतं ते गाव माणसांनी भरलेलं आहे. आज तिथं दहा घरांत चार म्हातारी माणसं असतील. त्यांच्या वयाचं कोण गावात राहतं याची चौकशी आधी करा. बोलायला एकही सोबती नसेल तर कायमचं राहणं त्यांना सोसणार नाही, जत्रेच्या सुमारास महिनाभर राहणं मात्र मानवेल.

प्रश्न : गावाकडून सोनटक्क्याचे गड्डे आणि तांबडी माती आणली. गॅलरीत पानं भरपूर, पण दोन वर्षांत फूल नाही.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : कुंडी लहान आणि माती चुकीची. डोंगरातली तांबडी माती कुंडीत दगडासारखी घट्ट बसते, मुळं गुदमरतात. ती एक भाग, कुजलेलं शेणखत एक भाग आणि नारळाचा भुसा एक भाग असं मिसळा. कुंडी निदान १४ इंच तोंडाची, गड्डा दोन इंचांहून खोल नको. सकाळचं तीनचार तास ऊन लागतं. नुसत्या सावलीत पानंच वाढतात. नत्राचं खत थांबवा. सोनटक्क्याच्या एका दांड्याला एकदाच फुलोरा येतो, फुलून गेलेला दांडा बुंध्यापासून कापा म्हणजे नवा फुटतो. उन्हाळ्यात माती सुकू दिली तर ऑगस्टचा बहर हुकतो. पुढच्या वेळी झाडांवरची आमरी (ऑर्किड) ओरबाडून आणू नका, कुणी भेट दिली तरी. ती शहरात जगत नाही आणि डोंगरातूनही जाते.

प्रश्न : माझ्या आजोबांचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. आमचं कुटुंब नंतर रायगड जिल्ह्यात वसवलं गेलं. वडिलांनाही गाव अंधूकच आठवतं. ते नेमकं कुठं होतं, आमची घरं कुठल्या अंगाला होती, हे शोधता येईल का?
(एक वाचक, पनवेल)

उत्तर : येईल, आणि ते आता केलं पाहिजे. कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंनी एकदम सुरुवात करा.

नकाशापासून धरू. भारतीय सर्वेक्षण विभागाचे धरणापूर्वीचे एक मैलाला एक इंच प्रमाणाचे नकाशे हवेत. तुमचं खोरं ४७ जी या गटात येतं, तापोळ्याकडचा भाग ४७ जी/९ मध्ये, त्याच्या दक्षिणेला १० आणि ११. त्यांच्यावर लहान वाड्यांची नावं, पायवाटा, देवळं असतात. जुन्या ग्रंथालयांत आणि विद्यापीठांच्या भूगोल विभागांत हे नकाशे विचारा. ते हाती येईपर्यंत अमेरिकी लष्कराच्या नकाशाखात्यानं १९५०च्या दशकात छापलेली १:२,५०,००० प्रमाणाची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत बघता येते. तपशील कमी आहे, पण नदीकाठची मोठी गावं सापडतात. इंग्रजी स्पेलिंग आजच्यासारखं नसेल, नाव उच्चारून वाचा. धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २,१६३ फूट असते. जुन्या नकाशावर २,१५० किंवा २,२०० फुटांची रेषा पेन्सिलनं गिरवा, म्हणजे काय बुडालं आणि काय काठावर राहिलं ते दिसेल. अनेक गावांचा खालचा अर्धा भागच पाण्यात गेला आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी, जमीन वर राहिली. तुमचंही तसं असू शकतं.

कागदांत सगळ्यांत उपयोगी भूसंपादनाचा निवाडा, १८९४च्या कायद्याच्या कलम ११ खालचा. त्यात खातेदाराचं नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, घर, झाडं आणि मोबदला असतो. आंब्याफणसाची झाडं मोजलेली असतात, त्यामुळं आजोबांच्या परसात काय होतं तेही कळतं. तो सातारा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन किंवा पुनर्वसन शाखेकडे मागा. गावाचा नकाशा, टिपण (शेताच्या मोजणीची नोंद) आणि जुने सातबारा यांच्यासाठी तालुक्याचं भूमी अभिलेख कार्यालय आणि तहसीलचा अभिलेख कक्ष. ज्या गावी वसवलं तिथला सुरुवातीचा फेरफार मुद्दाम काढा. जमीन कुठल्या बुडीत गावाच्या बदल्यात मिळाली हे त्यात लिहिलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

शोधाशोध फसते ती नावांमुळं. १९४९ ते १९६० या काळात साताऱ्याचा हा भाग ‘उत्तर सातारा’ जिल्हा होता, आणि रायगडचं नाव १९८१पर्यंत कुलाबा होतं. आजच्या नावानं यादी बघितली तर कारकून ‘नोंद नाही’ म्हणेल आणि ते खोटंही नसेल. आडनावाचंही तसंच. जुन्या नोंदीत नुसतं नाव आणि बापाचं नाव असतं, आडनाव पुढच्या पिढीनं लावलेलं असतं. तोंडी विचारून कागद मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, गाव आणि जुना तालुका ठळक लिहून. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं लिहिलं की अर्ज अडकतो. ‘अमुक गावच्या निवाड्याची साक्षांकित प्रत’ असं नेमकं मागा.

आता माणसं. कोयनेचे लोक ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर असे विखुरले. तुमच्या भावकीतलं ७५च्या पुढचं कुणीही, विशेषतः त्या गावी नांदायला आलेल्या बायका, शोधून काढा. पाणवठा, सरपणाची वाट, कुणाचं दार कुणाच्या दारासमोर, हे त्यांना पुरुषांपेक्षा पक्कं माहीत असतं. सन विचारू नका, वाट विचारा. ‘घरातून निघून नदीवर जाताना डाव्या हाताला काय लागायचं?’ या प्रश्नावर जे उत्तर येतं ते ‘गाव कसं होतं?’ वर येत नाही. एक मोठा कागद पसरा, मधे नदी काढा, वाहायची दिशा बाणानं दाखवा आणि त्यांना घरं मांडायला सांगा, बिया किंवा खडे ठेवून. दोन माणसांचे नकाशे वेगवेगळे घ्या, मग जुळवा. न जुळलेल्या जागांवर दोघांना एकत्र बसवलं की पुष्कळ आठवतं.

मोबाइलवर आवाज घेताना पंखा बंद, फोन हातभर अंतरावर, फडक्यावर ठेवलेला, विमानाच्या मोडवर. एका बैठकीत अर्ध्या तासाहून जास्त नको, माणसं थकतात आणि मग ‘हो हो’ म्हणतात. सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव, गाव, तारीख मोठ्यानं म्हणा. शेतांची नावं, टेकाडांची नावं, गावदेवीचं ठाण, जत्रेचा दिवस, पालखीची वाट, एवढं तरी नोंदवा. मूर्ती कुठं हलवली तेही विचारा. अनेक गावांनी देव बरोबर नेले आणि नव्या वसाहतीत त्याच नावानं बसवले, त्यामुळं नव्या देवळाच्या नावावरूनच जुनं गाव ओळखता येतं.

मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा काठावरची जोती आणि देवळांचे चौथरे काही ठिकाणी उघडे पडतात. बघायला जायचं असेल तर तापोळा किंवा बामणोलीहून नावेनं जातात. पलीकडचा बराच काठ व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत आहे, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय उतरू नका. गाळ वरून सुकलेला आणि आत दलदल असतो. काठी टोचत चाला, म्हाताऱ्या माणसाला नावेतूनच दाखवा.

प्रश्न : पाचगणीच्या घरातली जुन्या फोटोंची ट्रंक उघडली तर बुरशी. काही फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेत.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, चित्राचा थर काचेवर राहील. काच बाहेरून पुसून, खिडकीजवळ तिरक्या उजेडात, काचेसकटच फोटोचा फोटो घ्या. चकाकी टाळायला कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा. नंतर तो तसाच काचेसकट ठेवून द्या. सुट्या फोटोंवरची बुरशी ओली असेल तर पुसायची नाही. ती पसरते, आणि बुरशीनं मऊ झालेला जिलेटिनचा थर बोटाबरोबर निघून येतो. आधी सावलीत, पंख्याच्या झोतापासून दूर, दोन-तीन दिवस वाळवा. पावडरीसारखी कोरडी झाली की घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ रंगाच्या ब्रशनं एकाच दिशेला झटका. पाणी, अल्कोहोल, ओला टिश्यू काही नको.

मग स्कॅन. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय पुरे, त्याहून लहान असेल तर १,२००. पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह असेल तर ती फोटोपेक्षा मोलाची, तिला २,४०० किंवा जास्त. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. नाव-तारीख आणि स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो. मूळ फोटो डोंगरातल्या घरात परत ठेवू नका. प्लास्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममध्येही नको. साध्या कागदी पाकिटांत, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, नाशिकलाच ठेवा.

प्रश्न : महाबळेश्वरहून आणलेला मध दोन महिन्यांत खाली साखरेसारखा बसला. लहानपणी असं व्हायचं नाही. भेसळ समजायची का?
(एक वाचक, बेळगाव)

उत्तर : नाही. मधातल्या ग्लुकोजचे खडे बनतात, आणि ते किती लवकर बनतात हे मधमाशीनं कुठल्या फुलावरून मकरंद आणला यावर आणि थंडीवर ठरतं. जांभळाचा, हिरड्याचा, कारवीचा मध रंगाचवीला वेगळा असतो. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, त्यामुळं तिचा मध दरवर्षी मिळत नाही, आणि लहानपणीची चव त्या एखाद्या वर्षाचीही असू शकते. बसलेला मध बरणीसकट कोमट पाण्यात ठेवा, पाणी हाताला सोसेल एवढंच, ४० अंशांच्या आसपास. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवला तर वास जातो. वरचा पातळ थर आंबूस, फेसाळ लागला तर मात्र मधात पाणी जास्त होतं आणि तो आंबायला लागला आहे. असा मध पोळी पिकण्याआधीच काढलेला असतो. पुढच्या वेळी घेताना, पोळ्याची घरं मेणानं बंद झाल्यावर काढलाय का, हे विचारून घ्या.